काढून घेतलेला परवाना आणि त्याचा दंड

'परवाना' हा शब्द आपल्या भाषेत फारसीतून आला आणि राज्यकारभाराच्या कागदांतून घराघरांत रुजला. ज्याच्या हाती अधिकार आहे त्याने दुसऱ्यास लेखी दिलेली मुभा, असा त्याचा सरळ अर्थ आहे. जी वस्तू मुभा म्हणून मिळते ती परतही घेतली जाऊ शकते, हे त्या अर्थातच आले. तथापि मोटार चालविण्याचा परवाना एकदा खिशात पडला की मनुष्य त्यास जन्मसिद्ध हक्क मानू लागतो, आणि तो परत मागितला गेला म्हणजे आपली मालमत्ताच कोणी हिरावून नेली असे त्यास वाटते. या समजुतीमुळे एक विशेष प्रकारचा गुन्हा घडतो. ज्याचा परवाना काही मुदतीपुरता निलंबित झाला आहे, किंवा कायमचा रद्द झाला आहे, तो मनुष्य पुन्हा गाडीत बसतो आणि काहीच घडले नाही अशा थाटात रस्त्यावर येतो.

ज्याने परवाना कधी काढलाच नाही तो, आणि ज्याचा परवाना काढून घेतला गेला तो, असे दोघे एकाच रस्त्यावर गाडी हाकीत असतील, तर त्यांतील अधिक अपराधी कोण? वरवर पाहता दोघेही सारखेच. दोघांच्याही हाती वैध कागद नाही. परंतु पहिल्याविषयी समाजाने अद्याप काहीच ठरविलेले नाही. दुसऱ्याची मात्र परीक्षा झाली, त्याच्यावर विश्वास ठेवला गेला, त्या विश्वासास तो पात्र नाही असे दिसून आले, त्याचे म्हणणे ऐकून घेतले गेले, आणि मगच त्यास 'थांब' असे सांगण्यात आले. एवढे होऊनही तो थांबत नाही. मोटारविषयक कायद्याचा सव्वाशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास चाळला, तर या दोघांतील भेद कायद्याने कधी ओळखला, कधी विसरला आणि पुन्हा ओळखला, असे आढळते. तोच इतिहास आम्ही येथे थोडक्यात मांडीत आहोत.

वाहन हाकणाऱ्याच्या योग्यतेचा विचार मोटारीबरोबर जन्मास आला, असे मात्र नाही. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात, दंडाच्या प्रकरणात, गाडी व गाडीवान यांविषयी काही श्लोक आहेत. त्या ग्रंथाविषयी कोणाचे मत काहीही असो, प्राचीन व्यवहारविचाराचा पुरावा म्हणून ते श्लोक वाचण्याजोगे आहेत. बैलाची वेसण तुटली, जू मोडले, आस किंवा चाक भंगले, दोर तुटले, अथवा गाडीवानाने 'बाजूला व्हा' असे ओरडून सांगितले असूनही अपघात झाला, अशा दहा प्रसंगी दंड नाही, असे तेथे सांगितले आहे. परंतु गाडीवानाच्या अकुशलतेमुळे गाडी भरकटून कोणास इजा झाली, तर दंड गाडीवानास नव्हे, मालकास. आणि तो दोनशे पण. गाडीवान कुशल असेल, तर मात्र दोष त्याचा आणि दंडही त्याचाच. याहून विलक्षण तरतूद पुढे आहे. गाडीवान अकुशल असताना जे त्या गाडीत बसले, त्या प्रत्येकास शंभर पण दंड सांगितला आहे. अयोग्य मनुष्याच्या हाती कासरा देणारा आणि तो अयोग्य असता त्याच्या गाडीत बसणारा, हे दोघेही अपराधाचे वाटेकरी होत, ही त्यामागील दृष्टी. पुढील विवेचनात ती पुन्हा उपयोगी पडेल, म्हणून वाचकांनी ती ध्यानात ठेवावी.

आता मोटारीकडे वळू. परवाना देण्याची आणि काढून घेण्याची कल्पना प्रथम फ्रान्सात आकारास आली. १८९३ साली पॅरिसचे पोलीसप्रमुख लुई लेपीन यांनी शहरात यांत्रिक वाहन चालविणाऱ्यास योग्यतेचा दाखला सक्तीचा केला. पुढे १० मार्च १८९९ च्या हुकुमाने तो नियम सर्व देशास लागू झाला. वेगाची मर्यादा गावात ताशी २० आणि उघड्या माळावर ताशी ३० किलोमीटर ठरली, आणि वर्षात दोन वेळा नियमभंग करणाऱ्याचा दाखला काढून घेता येईल, असेही त्याच हुकुमात नमूद झाले. दाखला देणारा हात आणि तो परत घेणारा हात अशा रीतीने जवळजवळ एकाच वेळी पुढे आले.

इंग्लंडात प्रारंभ याहून उशिरा झाला. १७ ऑगस्ट १८९६ रोजी लंडनमधील क्रिस्टल पॅलेसच्या आवारात एक पादचारी स्त्री मोटारीखाली सापडून मृत्यू पावली. मोटारीने पादचाऱ्याचा बळी घेतल्याची ब्रिटनमधील ही पहिली नोंद होय. पंचांनी अपघाती मृत्यूचा निर्णय दिला. त्या दिवशी चालकाजवळ परवाना होता काय, हा प्रश्न कोणाच्या मनात येणे शक्य नव्हते, कारण परवाना नावाची वस्तूच त्या देशात नव्हती. ती १९०३ च्या मोटार कायद्याने आली आणि १ जानेवारी १९०४ पासून अमलात आली. पाच शिलिंग भरले की कोणाही सतरा वर्षांवरील व्यक्तीस परवाना मिळे, परीक्षा नव्हती. सक्तीची परीक्षा त्या देशात १ जून १९३५ पासून सुरू झाली. म्हणजे परवाना देताना कोणतीही पारख करावयाची नाही, पण तो काढून घेण्याची तजवीज मात्र पहिल्या दिवसापासून ठेवावयाची, असा तो चमत्कारिक मेळ होता. मोटारीसंबंधी गुन्हा शाबीत झाल्यास न्यायालयाने परवाना निलंबित करावा, त्या मनुष्यास पुढील काळासाठी अपात्र ठरवावे, आणि त्याच्या परवान्यावर शेरा मारावा, असे १९०३ च्या कायद्यात होते. मात्र केवळ वेगमर्यादेचा भंग असेल, तर पहिल्या दोन गुन्ह्यांना निलंबनातून सूट होती.

ही मनाई मोडणाऱ्याचे काय करावे, याचे खरे उत्तर ब्रिटनने १९३० च्या रस्ते-वाहतूक कायद्यात दिले. अपात्र ठरला असता जो गाडी चालवील, त्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, हा तेथे मूळ नियम ठरविण्यात आला. खटल्यातील विशेष परिस्थिती पाहून केवळ द्रव्यदंड पुरेसा आहे असे न्यायालयास वाटले, तरच पन्नास पौंडांपर्यंत दंड करून सोडण्याची मुभा होती. म्हणजे तुरुंग हा नियम आणि दंड हा अपवाद. इतर वाहतूकगुन्ह्यांच्या बाबतीत क्रम उलटा असतो. येथे तो का बदलला, हे उघड आहे. रस्त्यावरील नियम मोडणारा मनुष्य नियम मोडतो. अपात्र ठरलेला चालक न्यायालयाचा हुकूम मोडतो. पहिल्यात बेफिकिरी असू शकते, दुसऱ्यात अवज्ञा असते.

आपल्याकडे आरंभी प्रांतोप्रांती निरनिराळे मोटार-कायदे होते. ते एकत्र करून १९१४ चा आठवा अधिनियम, म्हणजे पहिला अखिल भारतीय मोटार-वाहन कायदा, संमत झाला. परवान्यावाचून सार्वजनिक जागी मोटार चालवू नये आणि परवाना निलंबित वा रद्द करता यावा, ही दोन्ही तत्त्वे त्यात आली. त्या काळी मोटार ही संस्थानिक, युरोपीय अधिकारी आणि मूठभर व्यापारी यांच्या दारची शोभा होती. चालक बहुधा पगारी असे आणि परवान्यापेक्षा धन्याच्या मर्जीस तो अधिक जपे. कायदा आटोपशीर राहिला, यात नवल नाही.

पंचवीस वर्षांत चित्र पालटले. आगगाडीच्या रुळांशी स्पर्धा करीत मोटार-सर्व्हिसा गावोगाव पोहोचल्या, मालमोटारी आल्या, चालक हा एक नवा धंदेवाईक वर्ग निर्माण झाला. तेव्हा १९३९ चा चौथा अधिनियम तयार झाला आणि १ जुलै १९३९ पासून अमलात आला. आमच्या विषयाच्या दृष्टीने त्याचे ११४ वे कलम महत्त्वाचे आहे. अपात्र ठरलेला असताना जो गाडी चालवील, किंवा नवा परवाना मागेल अथवा मिळवील, किंवा पूर्वीच्या परवान्यावरील शेरे लपवून स्वच्छ परवाना मागेल, त्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि अशा रीतीने मिळविलेला परवाना निरर्थक, असे ते कलम होते. याउलट ज्याच्याजवळ परवानाच नाही त्याच्यासाठी शिक्षेचे वेगळे कलम त्या कायद्यात नव्हते. किरकोळ नियमभंगांसाठी असलेल्या ११२ व्या सर्वसाधारण कलमाखाली त्यास द्रव्यदंड होई, कैद नव्हे. परवाना न काढणारा आणि परवाना काढून घेतला गेलेला, यांतील भेद १९३९ च्या कायदेकारांना स्पष्ट दिसला होता, असे यावरून म्हणावे लागते.

हा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. त्यामुळे मुंबई इलाख्यातील बेळगावास तो प्रथमपासून लागू झाला. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद ही संस्थाने मात्र आपापल्या व्यवस्थेने चालत होती. गोमंतकात पोर्तुगीजांचे कायदे होते, आणि चालकाच्या परवान्यास त्यांच्या भाषेतील 'कार्ता' हे नाव होते. स्वातंत्र्यानंतर संस्थाने विलीन झाली आणि १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, तसतसा एकच कायदा या सर्व प्रदेशांवर पसरला. भिन्न राजवटींत वाढलेल्या आपल्या समाजाच्या निरनिराळ्या शाखा या एका बाबतीत तरी एकाच नियमाखाली आल्या.

पाचशे रुपयांच्या त्या आकड्याची कथा मात्र उद्बोधक आहे. १९३९ साली पाचशे रुपये म्हणजे सामान्य नोकरदाराची कित्येक महिन्यांची कमाई. तीन महिन्यांची कैद आणि पाचशे रुपये यांचे वजन तेव्हा बरोबरीचे होते. त्या दंडाने संसार हादरला असता. पुढे युद्ध झाले, महागाई आली, रुपयाचे मोल उतरत गेले, परंतु कलमातील आकडा जागचा हलला नाही. १९८८ चा एकोणसाठावा अधिनियम १ जुलै १९८९ रोजी, म्हणजे जुन्या कायद्यास बरोबर पन्नास वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, अमलात आला. त्याच्या १८२ व्या कलमात तेच तीन महिने आणि तेच पाचशे रुपये उतरले. इतकेच नव्हे, तर विनापरवाना चालविणाऱ्यासाठी १८१ वे स्वतंत्र कलम आले आणि त्यातही तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड हीच शिक्षा ठेवण्यात आली. विनापरवाना चालविणाऱ्याची शिक्षा वाढली, हे योग्यच झाले. पण अपात्राची तेथेच राहिली, आणि दोघे एका पायरीवर आले. ज्यास कोणी कधी 'थांब' म्हटले नव्हते तो, आणि ज्यास म्हटले होते तो, यांच्यात शिक्षेच्या तराजूवर काहीच अंतर उरले नाही. १९३९ ने ओळखलेला भेद १९८८ ने विसरला तो असा.

१९८८ च्या कायद्याने परवाना काढून घेण्याची पद्धत मात्र काळजीपूर्वक घालून दिली आहे, आणि तिची माहिती प्रत्येक वाहनधारकास असावी. कलम १९ अन्वये परवाना देणारा अधिकारी परवानाधारकास अपात्र ठरवू शकतो. अट्टल गुन्हेगारी, मद्य किंवा अमली पदार्थांचे व्यसन, दखलपात्र गुन्ह्यासाठी वाहनाचा वापर, लोकांस धोका होईल असे पूर्वीचे चालकत्व, लबाडीने मिळविलेला परवाना ही त्याची काही कारणे. मात्र त्या मनुष्यास आपले म्हणणे मांडण्याची संधी दिली पाहिजे, कारणे लेखी नमूद केली पाहिजेत, आणि त्या हुकुमावर तीस दिवसांत अपील करता येते. कलम २० अन्वये न्यायालयही हा अधिकार वापरते. धोकादायक चालविण्याबद्दल पूर्वी शिक्षा झालेल्या चालकावर तसल्याच वर्तनाने कोणाचा मृत्यू वा जबर दुखापत घडविल्याची नवी फिर्याद नोंदली गेली, तर कलम २१ नुसार त्याचा परवाना त्या क्षणापासून सहा महिन्यांसाठी आपोआप निलंबित होतो. त्यापूर्वी तो निर्दोष ठरला तर निलंबन संपते.

येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. रस्त्यात पोलीस अधिकाऱ्याने परवाना ताब्यात घेतला म्हणजे तो निलंबित झाला, असे पुष्कळांस वाटते. तसे नाही. पोलिसाने परवाना घेतला तर त्याची पोच द्यावी लागते, आणि परवाना परत मिळेपर्यंत किंवा पोचेत लिहिलेल्या तारखेपर्यंत ती पोच दाखवून गाडी चालविता येते. निलंबन हा परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याचा किंवा न्यायालयाचा हुकूम असतो. तो झाल्यावर मात्र घरी पडलेली जुनी पोच किंवा परवान्याची प्रत उपयोगाची नाही. कलम २३ अन्वये परवान्याची सत्ता त्या मुदतीपुरती संपलेली असते. न्यायालयाच्या हुकुमावर केवळ अपील केले म्हणूनही ती परत येत नाही. अपील-न्यायालयाने स्थगिती दिली तरच येते.

परंतु हुकूम करणे निराळे आणि तो पाळला जातो की नाही हे पाहणे निराळे. परवाना ही पुस्तिका किंवा कागद असण्याच्या काळात एका जिल्ह्यात शेरा बसला, की दुसऱ्या जिल्ह्यात जाऊन नवा कोरा परवाना काढावा, अशी वाट मोकळी होती. १९३९ च्या कलमात शेरे लपविण्याचा स्वतंत्र उल्लेख आहे, तो या लबाडीची जाण असल्यामुळेच. एका कचेरीची वही दुसऱ्या कचेरीस दिसत नव्हती, आणि चौकात उभ्या असलेल्या शिपायास तर कोणतीच दिसत नव्हती. वस्तुतः परवाना काढून घेण्याच्या शिक्षेचा सर्व भार अपराध्याच्या स्वतःच्या सचोटीवर होता. ज्याच्या सचोटीविषयी शंका आल्याने परवाना काढून घ्यावयाचा, तिच्यावरच भिस्त ठेवून गाडी तर त्याच्या दारातच सोडावयाची, हा त्या व्यवस्थेतील मोठा दोष होता. देशभरच्या परवान्यांची नोंद संगणकावर एकत्र आल्यामुळे तो बराच कमी झाला. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमांनुसार निलंबित व रद्द परवान्यांची नोंद तारीखवार सरकारी संगणक-पटावर ठेवावयाची असते. बेळगावचा हुकूम पणजीत वाचता येईल, अशी सोय त्यामुळे झाली.

शिक्षेकडे देशाचे लक्ष पुन्हा वळले ते रस्त्यांवरील मृत्यूंच्या आकड्यांमुळे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली रस्ता-सुरक्षा समिती नेमली. तिने ऑगस्ट २०१५ मध्ये सर्व राज्यांस सांगितले की अतिवेग, तांबडा दिवा ओलांडणे, जादा भार, मालमोटारीतून माणसे नेणे, मद्यपान करून चालविणे, आणि चालविताना भ्रमणध्वनीवर बोलणे, या गुन्ह्यांसाठी परवाना निदान तीन महिने निलंबित करावा. त्यानंतर २०१९ चा बत्तिसावा अधिनियम आला आणि त्याची शिक्षाविषयक कलमे १ सप्टेंबर २०१९ पासून अमलात आली. विनापरवाना चालविण्याचा दंड पाच हजार रुपये झाला. अपात्र असताना चालविण्याचा दंड दहा हजार रुपये झाला. कैदेची तीन महिन्यांची मर्यादा कायम राहिली. ऐंशी वर्षे जागचा न हललेला आकडा एका दिवसात वीसपट झाला; शिवाय पूर्वी दंड पाचशे रुपयांपर्यंत होता, तो आता 'पर्यंत' हा शब्द गाळून ठाम दहा हजारांचा लिहिण्यात आला. आमच्या मते वीसपटीपेक्षाही महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. पाच हजार आणि दहा हजार यांतील अंतरामुळे १९३९ चा विसरलेला भेद पुन्हा कायद्यात आला. याच दुरुस्तीने आणखी एक नवी गोष्ट घडली. अतिवेग, मद्यपान इत्यादी ठराविक गुन्ह्यांत पोलिसाने परवाना ताब्यात घेऊन परवाना-अधिकाऱ्याकडे पाठवावयाचा. पहिल्या वेळी तीन महिन्यांची अपात्रता आणि पुन्हा तसे घडल्यास परवाना रद्द. आणि रद्द झालेल्याचे नाव लोकांच्या माहितीसाठी प्रसिद्धही करता येईल, अशी तरतूद झाली.

एवढ्याने प्रश्न सुटला असे मात्र म्हणवत नाही. कलम २०० अन्वये राज्य सरकारने ठरविलेली रक्कम भरून या गुन्ह्यात तडजोड करता येते आणि प्रकरण न्यायालयात न जाता मिटते. गर्दीने दबलेल्या न्यायालयांचा विचार करता ही सोय समजण्यासारखी आहे. तरीही हुकुमाची अवज्ञा आणि जागा नसलेल्या ठिकाणी गाडी उभी करणे, ही दोन्ही एकाच खिडकीवर पैसे भरून मिटू लागली, तर पहिल्याचे गांभीर्य लोकांच्या मनातून जाईल, ही भीती आम्हांस वाटते. ब्रिटनमध्ये २०१५ पासून अपात्र असता गाडी चालवून कोणाचा मृत्यू घडविणे हा वेगळा गुन्हा ठरला असून त्यास दहा वर्षांपर्यंत कारावास आहे. आपल्या मोटार-कायद्यात असा स्वतंत्र गुन्हा नाही. निष्काळजीपणाने मृत्यू घडविण्याचे सर्वसाधारण कलमच तेथे लावावे लागते.

याहून जिव्हाळ्याची बाब भरपाईची. अपघातात ज्या घराचा कर्ता गेला, त्या घरास आधार विम्याच्या पैशाचा. अपात्र ठरलेल्या मनुष्याने गाडी चालविली, हा विमा कंपनीस कायद्याने दिलेला एक बचाव आहे. म्हणजे अपराध चालकाचा आणि त्याची झळ मृताच्या विधवेस, असा प्रकार होण्याचा संभव. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने जानेवारी २००४ मध्ये स्वर्णसिंग यांच्या खटल्यात यावर महत्त्वाचा निर्णय दिला. चालकाजवळ वैध परवाना नव्हता एवढेच दाखवून कंपनीची सुटका होत नाही. मालकाने जाणूनबुजून किंवा हलगर्जीपणाने अट मोडली हे तिने सिद्ध केले पाहिजे. तसे सिद्ध झाले, तरीही पीडितांस भरपाई आधी कंपनीने द्यावी आणि मग मालकाकडून वसूल करावी, असा आदेश न्यायाधिकरण देऊ शकते. पीडिताचे घर त्यामुळे सावरते. पण मालकाचे बुडू शकते. गाडी अयोग्य मनुष्याच्या हाती देणाऱ्या मालकास कलम १८० अन्वये स्वतंत्र शिक्षाही आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीने तिचा दंड पाच हजार रुपये झाला. अकुशल गाडीवानाचा दंड मालकाकडून घेणारा प्राचीन श्लोक आणि हे कलम यांत दोन हजार वर्षांच्या आसपासचे अंतर असेल; दृष्टी एकच आहे.

न्यायासाठी दुसरी बाजूही मांडली पाहिजे. ज्याचे पोट गाडीच्या चाकावर चालते, त्याचा परवाना काढून घेणे म्हणजे त्याच्या चुलीतील विस्तव काढून घेण्यासारखे आहे. हौसेने मोटार चालविणारा तीन महिने दुसरी सोय पाहील. मालमोटारीचा चालक मात्र त्याच तीन महिन्यांत सावकाराच्या दारी जाईल. पुष्कळदा तो पुन्हा चाकावर बसतो तो उद्दामपणाने नव्हे, तर घरच्या तगाद्याने. कायद्यास हे दिसत नाही असे नाही. अपात्रतेच्या हुकुमास सहा महिने झाल्यावर ती दूर करण्याचा अर्ज करता येतो, आणि चालकाचे त्यानंतरचे वर्तन पाहून तो मंजूरही होऊ शकतो. मुदत संपल्यावर उजळणी-शिक्षण घेऊन परवाना परत मिळविण्याची वाट २०१९ च्या दुरुस्तीने दाखविली आहे. परत येण्याचा दरवाजा उघडा ठेवणारी शिक्षा सूडाची नसते, तिला प्रायश्चित्ताचे रूप असते. प्रायश्चित्ताची मुदत मात्र पुरी करावी लागते. मधूनच उठून जो जातो त्याचा मूळ दोष फिटत नाही आणि दुसरा त्यात भर घालतो.

२०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली, असे केंद्र सरकारचा अहवाल सांगतो. त्या प्रत्येक मृत्यूस अपात्र चालक कारण होता, असे कोणी म्हणणार नाही. तथापि ज्याच्याविषयी समाजास आधीच धोक्याची सूचना मिळाली होती, अशा हातून घडलेला एकही मृत्यू दैवाच्या माथी मारता येत नाही. तो टाळता आला असता, हे लेखी नोंदलेले असते.

म्हणून आमचे सांगणे दंडाच्या भीतीपुरते नाही. आपल्या देवस्थानांच्या जत्रांना, यात्रांना, लग्नकार्यांना भाड्याच्या मोटारी ठरविल्या जातात. भाडे किती, गाडी थंड आहे की नाही, वाटेत मुक्काम कोठे, याची चौकशी बारकाईने होते. चालकाचा परवाना चालू आहे काय, हा प्रश्न मात्र विचारणे अवमानकारक वाटते. अकुशल गाडीवानाच्या गाडीत बसणाऱ्यासही दंड सांगणारे शास्त्र आज अमलात नाही, आणि ते असावे असे आम्ही म्हणत नाही. परंतु त्यामागील जबाबदारीची जाणीव जुनी झालेली नाही. घरातील कोणाचा परवाना निलंबित झाला असेल, तर गाडीची किल्ली त्याच्या हाती न देणे हे त्याच्यावरील प्रेमाचेच लक्षण समजावे. सरकारी हुकूम कागदावर थांबतो. त्यापुढचे काम घरच्या माणसांनी, मालकाने आणि सहप्रवाशांनी करावयाचे असते.